सल्ला हवा: बाळाच्या दुपट्यावर विणून नाव (बजेट ५००)

गुहागरची_आत्या
भाचीचं बारसं श्रावणात आहे, हातात महिना आहे. दोन सुयांवर पांढऱ्या सुती धाग्याचं ७५ सेंमी चौरस दुपटं विणणार आहे. ४०० ग्रॅम धागा आणि ८ नंबरच्या (४ मिमी) सुया घरात आहेत. नमुना विणून, धुऊन मोजला: १० सेंमीत २० टाके, २८ ओळी. त्यावर 'मैत्रेयी' हे नाव देवनागरीत हवंय. कोणती पद्धत घेऊ? वरखर्च ५०० च्या आत. नाव अजून घरात कोणालाच माहीत नाही, तेव्हा ही चर्चा कृपया कुठे फिरवू नका.

सुईदोरा
डोळे मिटून 'टाक्यावर टाका' करा. दुपटं साधं सुलट (पुढून सुलट, मागून उलट) विणून पूर्ण करायचं, मग बोथट टोकाच्या सुईत रंगीत धागा घेऊन टाक्याच्या प्रत्येक V आकारावर दुसरा V बसवायचा. V च्या खालच्या टोकातून सुई वर काढा, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून आडवी सरकवा, पुन्हा त्याच खालच्या टोकात आत. ओढू नका, ओढलंत की खालचा पांढरा डोकावतो. धागा मूळ धाग्याच्याच जाडीचा हवा. भरतकामाचा सहा पदरी धागा इथे बारीक पडतो, दुहेरी घ्यावा लागतो. धाग्याची एक २५ ग्रॅमची गुंडी पुरून उरेल.

लोकरवेडा_ठाणे
सुती कशाला? तान्ह्या बाळाला मऊ मेरिनो लोकरच घ्या. बांबूच्या ८० सेंमी गोल सुया पण घ्या, टाके घसरत नाहीत. हजार-दीड हजार जास्त जातील, पण एकदाच तर करायचंय.

बंदरकाठ
ताईंनी ५०० लिहिलंय आणि धागा घरात आहे असंही लिहिलंय. आणि गुहागरात श्रावणात लोकर? माझा ऐकशात तर सुतीच ठेवा. लोकरीचं दुपटं पावसात आतून वाळत नाही, घडीत कुबट वास धरतं. सुया लोखंडी असतील तर अर्धवट विणकाम त्यांवर ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत गंज येतो, आणि पांढऱ्या सुतावरचा गंजाचा डाग सहजी जात नाही. अॅल्युमिनियमच्या असतील तर काळजी नाही.

चौकट_क्रोशा
क्रोशाने जाळीची चौकट करा. एक खांब (उभा टाका), दोन साखळ्या, एक खांब असं रिकामं घर; अक्षराच्या जागी साखळ्यांऐवजी दोन खांब भरायचे. अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसतात. आमच्याकडे दारावरची 'सुस्वागतम्' तोरणं सगळी अशीच होतात.

सुईदोरा
तोरण दारावर असतं, दुपटं बाळाच्या अंगावर. जाळीत बोटं अडकतात.

चौकट_क्रोशा
बारीक धागा आणि बारीक क्रोशा घेतला तर घरं लहान होतात. मागे अस्तर लावलं की तोही प्रश्न मिटतो. तोरणाला नावं ठेवू नका.

आलेखवाली
पद्धत कुठलीही घ्या, आधी आलेख नीट करा, बहुतेक नावं तिथेच बिघडतात. साध्या चौकटीच्या वहीवर काढलेलं अक्षर विणल्यावर बसकं दिसतं, कारण टाका रुंद आणि बुटका असतो. तुमच्या मापात टाका ५ मिमी रुंद आणि साधारण ३.६ मिमी उंच आहे. एक्सेलमध्ये घर २८ पिक्सेल रुंद, २० पिक्सेल उंच ठेवा. म्हणजे चौरस दिसायला हवं असलेलं अक्षर १० टाक्यांना १४ ओळींचं होईल.

आता तुमचं नाव. 'मै'च्या दोन मात्रा आणि 'यी'ची वेलांटी यांना शिरोरेषेच्या वर निदान ७ ओळी ठेवा. दोन मात्रांमध्ये एक टाका मोकळा सोडा, नाहीतर दोन्ही मिळून एकच जाड मात्रा दिसते आणि 'मै'चा 'मे' होतो. मात्रेची तिरपी रेघ दर ओळीला एक टाका सरकवली तर फार आडवी पडते; दर दोन ओळींना एक टाका सरकवा. सगळ्यात अवघड 'त्र'. शिरोरेषेखाली १२ पेक्षा कमी ओळी असतील तर 'त'ची वळण घेतलेली रेघ आणि खालची तिरकी रेघ एकमेकींना चिकटतात. १४ घ्या. सगळं नाव साधारण ३३ टाके रुंद, २३ ओळी उंच, म्हणजे साडेसोळा बाय सव्वाआठ सेंमी.

लोकरवेडा_ठाणे
दोन रंग एकत्र घेऊन विणतानाच अक्षरं काढली तर? नंतर भरणं म्हणजे दुप्पट काम.

आलेखवाली
न वापरलेला रंग मागून जातो. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब गेला तर मध्ये अडकवून घ्यावा लागतो, नाहीतर बाळाची बोटं त्यात जातात. देवनागरीत आणखी एक अडचण: शिरोरेषेच्या ओळीत ३३ टाके सलग रंगीत असतात, म्हणजे पांढरा धागा तेवढा लांब मागे. तिथे कापड हमखास आवळतं आणि नाव मधून चुण्या धरतं. इंग्रजी अक्षरांना ही अडचण येत नाही. तिथली रेडीमेड पुस्तकं बघून अंदाज बांधू नका.

सुईदोरा
म्हणूनच टाक्यावर टाका.

बंदरकाठ
टाक्यावर टाक्याला +१. रंग लाल घेणार असाल तर आधी धाग्याचा तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. फडक्यावर डाग आला तर तो धागा या कामाला नको.

शिडाची_दोरी
एक वेगळी वाट. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे घट्ट विणीचे स्वेटर, गॅन्सी म्हणतात त्यांना. त्यात खालच्या काठाच्या वर मालकाची आद्याक्षरं उलट टाक्यांनी (पुढून V ऐवजी आडवा उंचवटा दिसतो ते) विणलेली असायची, त्याच एका रंगात. दुसरा धागाच नाही, मागे काही लोंबत नाही. खर्च शून्य.

मात्र नुसते उलट टाके टाकलेत तर नाव वाचता येणार नाही. सुलट विणीवर उलट टाक्यांची आडवी ओळ वर उठते, पण उलट टाक्यांचा उभा स्तंभ आत बुडतो. म्हणजे शिरोरेषा ठसठशीत आणि सगळे काने गायब. म्हणून अक्षरांच्या रेघा तीन टाके रुंद आणि साबुदाणा विणीत घ्या, सुलटावर उलट आणि उलटावर सुलट. ती आडवी-उभी सारखीच उठते. शिरोरेषेला मात्र उलट टाके: सुलट बाजूने एक ओळ उलट, मागून नेहमीसारखी, पुन्हा सुलट बाजूने एक ओळ उलट. तीन ओळींत दोन उठाव.

सुईदोरा
पांढऱ्यावर पांढरं बारशाच्या फोटोत दिसणार नाही. मांडवात उजेड किती असतो ते बघा.

चौकट_क्रोशा
फोटोत दिसायला हवं असेल तर जाळी आणि खाली गुलाबी अस्तर.

गुहागरची_आत्या
सगळ्यांचे आभार. ठरवलं: साबुदाणा विणीत, पांढऱ्यावर पांढरं. टाक्यावर टाक्याला सगळ्यात जास्त मतं आहेत, पण तिथे कापड जाड आणि ताठ होतं, आणि ते नेमकं बाळाच्या हनुवटीशी येणार. फोटोत कमी दिसलं तर चालेल. हात फिरवल्यावर लागलं पाहिजे.

आलेखवालींचं माप दीडपट केलं: ५० टाके, ३५ ओळी. १५० टाके घालणार. दोन्ही कडांना ८-८ टाके आणि वर-खाली १२ ओळी दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे कड वळणार नाही. नावाच्या दोन्ही बाजूंना ४२ टाके साधे उरतात. बरोबर आहे ना?

शिडाची_दोरी
हिशेब बरोबर. आलेख खालून वर वाचा. पुढची ओळ उजवीकडून डावीकडे, मागची डावीकडून उजवीकडे. त्यामुळे सुईवर 'यी' आधी येतो, गोंधळू नका. आलेखात उलट म्हणून खूण केलेलं घर मागच्या बाजूने विणताना सुलट विणायचं. नावाच्या आधीच्या आणि नंतरच्या टाक्याला रंगीत दोऱ्याची खूण अडकवा, प्रत्येक ओळीत मोजावं लागत नाही.

धुतल्यावर टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सपाट ताणून वाळवा. इस्त्री नको, उठाव बसतो. आणि धाग्याची गुंडी संपली तर ती नावाच्या पट्ट्यात बदलू नका, काठाशी बदला. टोकं काठातच लपवता येतात.

आलेखवाली
दीडपट करताना 'त्र' पुन्हा काढा, नुसता मोठा करू नका. रेघ तीन टाक्यांची झाली की आतली पोकळी कमी होते. 'त'च्या पोटात निदान तीन टाके साधे सुलट राहतात का ते बघा, नाही राहिले तर तेवढंच अक्षर दोन टाक्यांनी रुंद करा आणि कडेचे ४२ चे ४१ करा.

लोकरवेडा_ठाणे
सुया तरी बांबूच्या घ्या हो, ५०० अजून शिल्लकच आहेत.