मदत हवी आहे: श्वासावाटे घ्यायचं इन्सुलिन आणि खोकला

अफ्रेझा (श्वासावाटे ओढायचं पावडरीतलं इन्सुलिन) वापरणाऱ्यांनी किंवा रुग्णांना सुरू करून देणाऱ्यांनी कृपया सांगावं. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर हे औषध द्यायचंच नाही, कारण श्वासनलिका अचानक आवळू शकते. सिगारेट सोडून सहा महिने झाले नसतील तरीही नाही. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) आधी, मग सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. इथवर शंका नाही.

अडतंय ते खोकल्यापाशी. पावडर ओढल्यावर दहाएक मिनिटांत कोरडी ढास लागते. कार्ट्रिज (एका डोसच्या पावडरीची छोटी कुपी) फ्रिजमधून काढून १० मिनिटं बाहेर ठेवलेलं असतं, बसवल्यावर इनहेलर आडवाच धरलेला असतो (तोंडाकडची बाजू खाली झुकली किंवा हिसका बसला की पावडर सांडते आणि डोस कमी पडतो). आधी घोटभर पाणी पिऊन कुणाला फरक पडला का? ढास लागल्यावर डोस पुरता गेला की नाही, हे कसं ठरवता? लगेच दुसरं कार्ट्रिज घेतलं तर साखर धाडकन उतरायची भीती, म्हणून विचारतेय. साखर किती मिनिटांनी तपासता?

आणखी एक. कार्ट्रिजची उघडलेली पट्टी ३ दिवसांत संपवायची, इनहेलर १५ दिवसांनी बदलायचा. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत पट्टी कशी सांभाळता?