मराठी मजकुरात रोमन आद्याक्षरं आणि पदव्या: स्मॉल कॅप्स लावायचे का?

छापील_चूक:
गौरवग्रंथाची जुळणी चालू आहे, इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. मजकूर टिरो देवनागरी मराठी, १३ पॉइंट; इंग्रजीला ईबी गॅरामाँड. यूजीसी, आयएसबीएन ही आद्याक्षरं आणि लेखक-परिचयातल्या एमए, पीएचडी वगैरे पदव्या रोमन लिपीतच हव्यात, असा संपादकांचा आग्रह. कॅपिटलमध्ये त्या डोळ्यांत घुसतात. म्हणून स्मॉल कॅप्स (लहान अक्षरांच्या उंचीची कॅपिटल) करावेत म्हटलं, तर कंट्रोल-शिफ्ट-एच दाबून काहीच बदलत नाही. लहान लिपीत (लोअरकेस) टाइप करून दाबलं तर अक्षरं बुटकी दिसतात. काय चुकतंय?

पाव_एम:
ती आज्ञा फक्त लहान लिपीला लागू होते, कॅपिटलला हात लावत नाही. कॅरॅक्टर पॅनेलच्या मेनूत ओपनटाइपखाली 'ऑल स्मॉल कॅप्स' निवडा. मूळ मजकूर कॅपिटलच राहतो, त्यामुळे उद्या फॉन्ट बदलला तरी यूजीसीची लहान अक्षरं उघडी पडत नाहीत.

तिथे नाव चौकटी कंसात दिसलं तर त्या फॉन्टमध्ये खरे स्मॉल कॅप्स नाहीत. मग कंट्रोल-शिफ्ट-एच लहान लिपीतल्या अक्षरांच्या जागी कॅपिटलच ७० टक्क्यांवर आणून बसवतं, आणि उंचीबरोबर दांड्याची जाडीही ७० टक्के होते. ओळीत तेवढाच शब्द फिका दिसतो तो त्यामुळे. खरे असतील तर ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) ३० ते ५० द्या. आद्याक्षरं चिकटून बसली की वाचवत नाहीत.

वर्डमध्ये हा प्रश्नच नाही, तिथले सगळे खोटेच. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टच्या नावापुढे कोलन (:) देऊन फीचरचं नाव लिहिलं की खरे मिळतात.

शिरोरेषा:
वरचं सगळं बरोबर, पण इथे स्मॉल कॅप्स लावूच नका. ते घडवलेले असतात इंग्रजीतल्या लहान 'एक्स'च्या उंचीला जुळतील असे. तुमच्या पानावर शेजारी आहे शिरोरेषा, आणि ती त्याहून बरीच वर असते. खरे स्मॉल कॅप्सही खड्ड्यात बसल्यासारखे दिसणार.

'क' आणि कॅपिटल 'एच' शेजारी २०० पॉइंटला ठेवा. शिरोरेषेच्या वरच्या कडेला गाइड ओढा आणि 'एच' तिथे टेकेपर्यंत त्याचा पॉइंट कमी करा. तेच प्रमाण १३ पॉइंटला लावून कॅरॅक्टर स्टाइल (अक्षरांच्या मापाची साठवलेली मांडणी) बनवा. व्हर्टिकल स्केलने दाबू नका, आडव्या रेघा बारीक होतात. अक्षर फिकं पडलं तर गॅरामाँडचं मीडियम वजन घ्या.

स्मॉल कॅप्स राखून ठेवा इंग्रजी सारांशासाठी आणि इंग्रजी संदर्भसूचीसाठी.

छापील_चूक:
हे पटलं. पण ४०० पानांत हाताने स्टाइल लावत बसू?

पाव_एम:
पॅरेग्राफ स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल (ठरावीक नमुन्याची अक्षरं शोधून त्यांना आपोआप कॅरॅक्टर स्टाइल लावणारी सोय) घाला. नमुना असा: शब्दाची सुरुवात, दोन किंवा अधिक कॅपिटल, शब्दाचा शेवट. देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे मराठी शब्द सापडत नाहीत. रोमन आकडे मात्र सापडतात, ते नजरेखालून घाला.

एखादा लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर सांभाळा. त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असतात. ग्रेपला ती कॅपिटल वाटतात आणि मधलेच मराठी शब्द इंग्रजी फॉन्टमध्ये जाऊन कचरा होतो. आधी युनिकोडमध्ये आणा, मग स्टाइल.

शिरोरेषा:
पदव्यांचं वेगळं. पीएचडीच्या मधला 'एच' लहान लिपीत, म्हणून ग्रेप तिला सोडतं आणि शेजारच्या एमएला धरतं. एकाच ओळीत दोन मापं! परिचयाच्या परिच्छेदाला वेगळी पॅरेग्राफ स्टाइल द्या आणि तिथे सगळ्याच रोमन अक्षरांना तेच माप लावा. तिथे ऑल स्मॉल कॅप्स तर नकोच, पीएचडीतला लहान-मोठा फरक पुसला जातो.

आणि 'डॉ.', 'प्रा.' यांच्यापुढे नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा; कंट्रोल-ऑल्ट-एक्स) टाका. ओळीच्या शेवटी लोंबकळणारा 'डॉ.' कोणत्याही कॅपिटलपेक्षा वाईट दिसतो.