मदत हवी आहे: रॅम ३६०० ची, चालते २४०० वर

खाडीकाठ (देवगड)
८ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या, डीडीआर४ प्रकारच्या, वेग ३६००. खोक्यावर ३६००, स्टिकरवर ३६००, टास्क मॅनेजरमध्ये २४००. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेगाचा तयार प्रोफाइल, चालू केलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. तीन-चारदा आपोआप बंद-चालू होऊन परत २४००. बदलून घ्यायची मुदत शनिवारपर्यंतच आहे. रॅम खराब आहे का, एवढंच सांगा.

गजाली
बोर्ड खंयचो आसा, प्रोसेसर खंयचो, ता आधी सांग मरे. इंटेलचा बी४६० बोर्ड आणि आय५-१०४०० असेल तर २६६६ च्या वर जायचंच नाही, रॅम कितीही महाग घाल.

खाडीकाठ
बी४५०, रायझन ५ ५६००. लवकर सांगा.

दर्यावर्दी
देवगड म्हणजे खारा वारा. स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. खोडरबराने घासा, काम होईल.

हापूसपेटी
नव्या स्टिकला लगेच कुठला थर चढणार? आणि खोडरबर नकोच. भुगा स्लॉटात अडकतो, सोन्याचा मुलामा झिजतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड.
@खाडीकाठ, स्टिक कुठल्या स्लॉटात आहेत? दोनच असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात हव्यात. टास्क मॅनेजरमध्ये एकूण किती जीबी दिसतं?

दर्यावर्दी
मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला तर फारसं झिजत नाही. रिपेअरवाले सर्रास वापरतात.

खाडीकाठ
२४ जीबी. चारही स्लॉट भरलेले आहेत. आधीच्या ४ जीबीच्या दोन आत आहेतच ना.

हापूसपेटी
हीच तर माहिती हवी होती! त्या जुन्या २४०० च्या असणार. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर सगळ्या स्टिक एकाच वेगावर चालवतो, म्हणून सगळ्यात हळू स्टिकचा वेग सगळ्यांना लागतो. एक्सएमपी लावलं की नव्या स्टिकचा ३६०० चा प्रोफाइल जुन्यांवरही लादला जातो. त्यांना तो झेपत नाही, बोर्ड थोडे प्रयत्न करून मूळ वेगावर येतो. रॅम खराब असल्याचं यात काहीच दिसत नाही.

माडाचीवाडी
चारही ठेवून व्होल्टेज १.४५ करा, ३२०० तरी मिळेल.

हापूसपेटी
हा सल्ला कृपया घेऊ नका. जुन्या स्टिक १.२ व्होल्टच्या. शिवाय या प्रोसेसरला एएमडीची हमी दोन स्टिकवर ३२०० ची आहे. चार सिंगल रँक (चिप्सचा एकच गट असलेल्या) असतील तर २९३३, ड्युअल रँक (दोन गटांच्या) असतील तर २६६७. ३६०० हे मुळात ओव्हरक्लॉकच, म्हणजे हमीच्या वरचा वेग, पण दोन स्टिकवर ५६०० ते सहसा पेलतो.
मशीन बंद, भिंतीवरचं बटणही बंद, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. जुन्या दोन्ही काढा. नव्या दुसऱ्या-चौथ्यात, क्लिप 'टक' वाजेपर्यंत. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून परत बसवा, म्हणजे बायोस मूळपदावर येतं. मग प्रोफाइल लावा; एमएसआयच्या बोर्डावर ए-एक्सएमपी, आसुसवर डीओसीपी नाव दिसेल. व्होल्टेज १.३५ आणि एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० आहे ना, ते बघून सेव्ह करा. पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून बघतो; मिनिटभर स्क्रीन काळी राहिली तरी बटण दाबू नका.

गजाली
पण १६ जीबी पुरणार का? व्हिडिओ एडिटिंग करत असशील तर २४०० वरचे २४ जीबी बरे. रॅम संपली की सगळं डिस्कवर जातं, मग ३६०० चा काय उपयोग?

माडाचीवाडी
३६०० चा हट्टच कशाला? सीएल म्हणजे डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते ते. सीएल१६ ची ३२०० आणि सीएल१८ ची ३६००, दोन्हींचा उशीर १० नॅनोसेकंदच.

हापूसपेटी
उशीर सारखा, पण बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) ५१.२ विरुद्ध ५७.६ जीबी प्रति सेकंद, आणि एफक्लॉकही १६०० चा १८०० होतो. पैसे मोजलेत तर घ्यावं.

बंदरावरून
माझ्या लॅपटॉपात ३२०० ची रॅम २६६६ दाखवते. त्यालाही सेल काढू का?

गजाली
नको रे! लॅपटॉपात वेग प्रोसेसर ठरवतो, बहुतेकांच्या बायोसात एक्सएमपी नसतंच. प्रोसेसरचं नाव टाकून वेगळा धागा काढ.

खाडीकाठ
चालू झालं, टास्क मॅनेजरमध्ये ३६००. पण सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १७९६ का? अर्धंच मिळतंय का?

हापूसपेटी
बरोबर आहे. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते आणि सीपीयू-झेड फक्त ठोके मोजतं. आता पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्राम) घालून चाचणीच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. वीज ये-जा करत असेल तर मशीन यूपीएसवर ठेवा. एक जरी एरर आली तरी ३२०० वर उतरून परत चाचणी घ्या, कारण अशा एररने फायली गुपचूप खराब होतात. प्रोफाइल बंद असतानाही एरर दिसली तर मात्र शनिवारच्या आत दुकान गाठा.