शब्दसूचीला डीएल हवाच का?

कुळवकर: शेतीतल्या शब्दांची सूची साइटवर चढवतोय. जोडीदाराने एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायच्या भाषेत) प्रत्येक शब्द स्ट्राँग या ठळक अक्षरांच्या टॅगमध्ये (खुणेत) आणि अर्थ पी या परिच्छेदाच्या टॅगमध्ये टाकलाय. दिसतं छान, पण कुठला अर्थ कुठल्या शब्दाचा हे ब्राउझरला कसं कळणार? ही डीएलचीच, म्हणजे शब्द-अर्थाच्या जोड्यांची यादी करणाऱ्या टॅगची जागा. शब्द डीटीत, अर्थ डीडीत. 'पाळी' म्हणजे कुळवाची आणि पाण्याचीही, म्हणून एका डीटीखाली दोन डीडी. 'निंदणी' आणि 'खुरपणी' हे दोन डीटी, खाली एकच डीडी. हे पी-मध्ये करून दाखवा!

उंटावरचा_शहाणा: पुस्तकी हट्ट आहे हा. डीएल १९९५ च्या एचटीएमएल २.० च्याही आधीपासून आहे आणि लोकांनी तो वापरला कशाला, तर डीडीला आपसूक समास मिळतो म्हणून ओळ आत सरकवायला. स्क्रीन रीडरही (अंधांना पान वाचून दाखवणारे प्रोग्रॅम) एकसारखे वागत नाहीत. एक जण यादी म्हणून सांगतो, दुसरा नुसता मजकूर वाचत सुटतो. मग एवढा आटापिटा कुणासाठी?

कुळवकर: लोकांनी गैरवापर केला हा टॅगचा दोष कसा? आणि स्ट्राँग-पीमध्ये तर सांगण्यासारखं काहीच नसतं.

मधलीसुट्टी: भांडा भांडा. पण शब्दाची व्याख्याच द्यायची असेल तर नुसता डीटी पुरत नाही, आत डीएफएन, म्हणजे 'या शब्दाची व्याख्या इथे आहे' सांगणारा टॅग लागतो. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने डीएलचं 'व्याख्यांची यादी' हे नाव बदलून 'वर्णनांची यादी' केलं, ते उगाच नाही. नाव-किंमत, प्रश्न-उत्तर, सगळं चालतं. संवाद मात्र नाही. एचटीएमएल ४ मध्ये त्यालाही मुभा होती.

उंटावरचा_शहाणा: प्रश्न-उत्तर म्हणालात, बरं झालं. डीटीत हेडिंग टाकायला मनाई आहे. न बघता वाचणारे बरेच जण हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत जातात. अर्थ दोन-तीन परिच्छेदांचा असेल तर एचथ्री (हेडिंगचा टॅग) आणि पी, विषय संपला.

कुळवकर: लांब नोंदींपुरतं मान्य. माझ्या नोंदी एका ओळीच्या आहेत.

रकानेवाली: आणि उद्या 'कुठल्या भागात वापरतात' हा रकाना जोडायचा झाला तर? तेव्हा टेबलच. डीएलची ओढाताण करून तीन रकाने बसवलेले पाहिलेत मी, सीएसएस (पानाची मांडणी-सजावट ठरवणारा कोड) बघवत नाही.

मधलीसुट्टी: दोनच रकाने असतील तर प्रत्येक जोडी डिव्हमध्ये, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या डब्यासारख्या टॅगमध्ये गुंडाळा. एचटीएमएल ५.२ पासून, म्हणजे २०१७ पासून, डीएलच्या आत ते चालतं. समासाची कटकटही डीडीला मार्जिन शून्य दिलं की मिटते.

उंटावरचा_शहाणा: म्हणजे शेवटी डिव्हच!