न्यू जर्सी ते यलोस्टोन नॅशनल पार्क आरव्हीने (आत राहता येतं अशा गाडीने), दोघंच

मी ६७, हे ७०, दोघंही रिटायर. जूनमध्ये निघायचं, शिकागोला दिरांकडे मुक्काम, मग बॅडलँड्स, माउंट रशमोर करत यलोस्टोन आणि येताना डेन्व्हरला लेकीकडे. २५ फुटी आरव्ही भाड्याने बघतोय. ह्यांना चालवायची हौस, मला मात्र त्या टॉयलेटच्या टाकीचीच धास्ती. ग्लेशियर नॅशनल पार्क पण जोडावं का?

पक्याकाका: ताई, आधी नॅशनल पार्कचा सिनियर पास काढा, सिटिझन किंवा ग्रीनकार्ड असलं आणि ६२ पूर्ण झाली की ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा मिळतो. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला पाणी-वीज-ड्रेनेज सगळं जोडून मिळतं, पण आत्ताच बुक करा, जूनपर्यंत थांबलात तर बोंबला. तिथे अस्वलं फिरतात म्हणून तंबू चालत नाहीत.

डेन्व्हरकर: ग्लेशियरला जा की, पण गोइंग-टू-द-सन रोडच्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत, तेव्हा आरव्ही खाली ठेवून छोटी गाडी घ्यावी लागेल. आणि लेकीच्या सोसायटीत आरव्ही लावू देतात का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी रात्रभर उभी करू देत नाहीत.

सुमामावशी: टाकीचं काही नाही गं, हातमोजे घालायचे, आधी टॉयलेटची टाकी सोडायची, मग सिंक-शॉवरची, म्हणजे त्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हे काम ह्यांनाच दे, हौस आहे ना! आणि फोडणी आत नको, स्मोक अलार्म कोकलतो. बाहेर शेगडीवर कर, फक्त यलोस्टोनमध्ये भांडी-डबे लगेच आत घे.