टू-डी/जी गुणोत्तर २ च्या वर गेलं, म्हणजे ग्राफीन एकपदरीच का?

शिसपेन्सिल: तांब्याच्या फॉइलवर मिथेनपासून वाढवलेली ग्राफीनची (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराची) फिल्म ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉनच्या वेफरवर (चकतीवर) उतरवली, रामनमध्ये (विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात) टू-डी (2D) शिखराची उंची जी (G) शिखराच्या दुपटीपेक्षा जास्त आली, की ती एकपदरी धरावी, असं माझं ठाम मत आहे. १००० अंश सेल्सिअसलाही तांब्यात कार्बन जेमतेम विरघळतो. पृष्ठभाग झाकला की वाढ आपसूक मंदावते. प्रत्येक फिल्मसाठी एएफएम (सूक्ष्म सुईने उंची मोजणारा सूक्ष्मदर्शक) कशाला?

कणाद: साफ असहमत. हायड्रोजन जास्त असेल तर पहिल्या थराच्या खाली दुसऱ्याची बेटं वाढतात. दोन थर एकमेकांशी मोठ्या कोनात फिरलेले असले तर टू-डी शिखर एकच, अरुंद आणि उंच दिसतं. गुणोत्तर २ च्या वर सहज जातं. उलट, अस्सल एकपदरी ग्राफीनवर कोरणद्रावणाचा (तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाचा) अंश किंवा खाली अडकलेलं पाणी राहिलं तर डोपिंग होतं (ग्राफीनमधला विद्युतभार बदलतो), जी (G) शिखर १५८२ वरून १५९० सेंमी⁻¹ (रामन वर्णपटाचं एकक) च्या पुढे सरकतं आणि गुणोत्तर घसरतं. म्हणजे हा आकडा दोन्हीकडून फसवतो.

शिसपेन्सिल: मग टू-डीची रुंदी बघा की! एकपदरीला साधारण २५ ते ३५ सेंमी⁻¹, नैसर्गिक (ग्रॅफाइटसारख्या) रचनेच्या दुपदरीला ५० च्या आसपास.

कणाद: फिरलेल्या दुपदरीला तीही एकपदरीइतकीच येऊ शकते, हेच तर म्हणतोय. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर आधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा: दुपदरी बेटं गडद ठिपक्यांसारखी उठून दिसतात. रामन नकाशा त्यानंतर घ्या, एकाच बिंदूवर विसंबू नका. आणि एएफएमची उंचीही जपून वाचा. थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, पण वेफरवरची पहिली पायरी बऱ्याचदा १ नॅनोमीटरच्या घरात भरते.

धातुपत्रा: दोघांनीही फॉइलची मागची बाजू सोडलीत. तिथेही ग्राफीन वाढतं. वरच्या फिल्मला आधार म्हणून पीएमएमए (एक प्लास्टिक) लावल्यावर हे मागचं ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) काढलं नाही, तर तांबं कोरताना त्याचे तुकडे वरच्या फिल्मला चिकटतात आणि वाढीचा दोष नसताना दुसरा थर दिसतो. कोरायला ०.१ मोलर अमोनियम परसल्फेट घ्या. फेरिक क्लोराइडने लोहाचे कण मागे राहतात, नुसत्या पाण्याने जात नाहीत. द्रावणात फार बुडबुडे उठले तर मात्र फिल्म फाटते, तेव्हा घाई नको.

शिसपेन्सिल: प्लाझ्मा मान्य. पण रोजच्या चाळणीसाठी गुणोत्तर पुरेसंच आहे.

कणाद: चाळणीसाठी हो. अहवालात "एकपदरी" लिहायला नाही.