मदत हवी आहे : मंडळीत हातात हात परत कसा यावा?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमची मंडळी जालन्याकडची, छोटीशी. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं, उपासना मोबाइलवर आली. पुढे चर्च उघडलं, पण शांतीची सलामी देताना एकमेकांचे हात हातात घेणं थांबलं ते थांबलंच. आता लांबूनच नमस्कार. मला हे फार लागतं, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवडाभरात कुणाचा हात लागायचा तो तेवढाच. एक आजी उपासना संपल्यावर पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला दाराशी थांबतात. पोरं डोकं चुकवून निघून जातात.

येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं ते हात लावून (मार्क १:४१). आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, असं याकोबाच्या पत्रात (५:१४) आहे. आमच्याकडे तीही फोनवरच उरकते.

काहींना, विशेषतः बायकांना, स्पर्श नको असतो. दमा-शुगरवाल्यांना भीती वाटते. जबरदस्ती मुळीच नको. बीड, परभणी, संभाजीनगरकडच्या मंडळ्यांनी हे पुन्हा कसं सुरू केलं? पाळकांनी उपदेशातून सांगितलं, की वडीलमंडळींनी घरभेटींपासून सुरुवात केली? आणि प्रभुभोजनात (भाकर-द्राक्षारसाच्या विधीत) सगळ्यांनी प्यायचा एकच प्याला कुणी परत आणलाय का?